चुन्याच्या घराचे दुसरे दार

मी, ज्याला वस्तीत सगळे कुलूपकाका म्हणतात तो, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कुलपे व किल्ल्या दुरुस्ती, नजर कमी झाल्याने सध्या बंद, शिक्षण सातवी, राहणार गोदाम पाडलेल्या मोकळ्या जागेसमोरची इमारत, तळमजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब लिहून देतो की,

प्रथम उशिराबद्दल माफी मागतो. घटना परवा दुपारची आहे आणि मी आज आलो आहे. अंमलदार बाईंनी विचारले, "इतका वेळ काय करत होतात?" त्याचे उत्तर पुढे येईल. माझे बोलणे फार भरकटते, म्हणून त्यांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही बोलताय आणि माझा हात दुखतोय. लिहिता येतं ना? मग तुम्हीच लिहा." म्हणून हे अक्षर माझे आहे. खाडाखोड झाली तर समजून घ्यावे.

माझी पत्नी, वय एकोणसत्तर, हिचा परवा दुपारपासून पत्ता नाही. उंची माझ्या खांद्याला लागते. अंगात राखाडी स्वेटर, डोळ्याला चष्मा, त्याची एक काडी मी तारेने बांधून दिली आहे. पायात पांढऱ्या पट्ट्याच्या चपला. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात अर्धवट विणलेले निळे काहीतरी. काय विणत होती ते मला सांगता येत नाही. मी विचारले नव्हते.

अंमलदार बाईंनी विचारल्यावरून सांगतो की, ती विसराळू नाही. विसरतो मी. घरात भांडण झालेले नव्हते. आमच्यात भांडण होत नाही, बोलणेच बेताचे असते. रागावली होती का, याचे उत्तर, मला तरी राग दिसला नाही.

ती ज्या खोलीतून गेली त्या खोलीला भिंती नाहीत. हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल, म्हणून आधी त्या ऑफिसची हकीकत लिहितो.

आमच्या कोपऱ्यावर पूर्वी सायकल दुरुस्तीचे दुकान होते. तिथे आर्किटेक्टबाईंनी ऑफिस टाकले त्याला बरीच वर्षे झाली. दुकानाच्या फरशीवरचे तेलाचे डाग त्यांनी घासले नाहीत. म्हणतात, "राहू दे, आधीच्या भाडेकरूची आठवण." बाई आणि त्यांच्याकडचा नकाशे काढणारा, दोघेच. नकाशेवाल्याच्या गळ्यात कायम सुतळीचा गुंडा असतो, म्हणून त्याला सगळे दोरीभाऊ म्हणतात. समोर मोठी काच आहे. आत टेबलावर पुठ्ठ्याची घरे मांडलेली असतात आणि दुपारचे ऊन त्यांच्या खिडक्यांतून आरपार जाते. येणारेजाणारे काचेला नाक लावून आपली खिडकी शोधतात. मीही शोधली आहे. सापडली. तिच्यात मी नव्हतो, पण ऊन होते.

या ऑफिसने वस्तीसाठी पुष्कळ कामे केली आहेत. शाळेच्या जिन्याला खाली एक दुसरा कठडा लावला, लहान मुलांच्या हाताला येईल असा. दवाखान्यातली बाकडी भिंतीकडून वळवून एकमेकांसमोर आणली, तेव्हापासून तिथे आजारी नसलेली माणसेही जाऊन बसतात, अशी डॉक्टरांची तक्रार आहे. कुठलेही काम घेण्याआधी बाई घरोघर येतात आणि एकच विचारतात, "तुम्ही दिवसभर कुठे बसता?"

आमच्याकडे आल्या तेव्हा मी माझी खुर्ची दाखवली. मग त्यांनी हिला विचारले, "आणि तुम्ही?"

ही म्हणाली, "मी ह्यांच्या शेजारी."

"हे घरात नसले की?"

"हे असतातच."

बाई हसल्या. मीही हसलो. हिने चहाचे कप उचलले.

गोदाम पाडले, जागा मोकळी झाली आणि तिथे वस्तीसाठी एक बसायउठायचे घर बांधायचे ठरले. ते काम या ऑफिसकडे आले. बाईंची कामाची पद्धत अशी की, कागदावर कुणाला काही कळत नाही, तेव्हा घर आधी जमिनीवर काढायचे, खऱ्या मापाचे, आणि लोकांनी त्यात राहून बघायचे. मैदानावर खेळासाठी रेघा मारतात ती चुन्याची भुकटी, फक्की म्हणतात तिला, तिने दोरीभाऊने सगळे घर काढले. व्हरांडा, गप्पांची खोली, पोरांची खोली, स्वयंपाकाचा ओटा, आणि मागे उताराच्या अंगाला एक लहान खोली, कुणाला गप्प बसायचे असेल तर. सकाळी दव पडले की रेघा ओल्या होऊन राखाडी दिसत आणि ऊन चढले की पुन्हा पांढऱ्या होत. आमच्या खिडकीतून पाहिले तर घर हळूहळू जमिनीतून वर येते आहे असे वाटे.

नियम तीनच होते. दारातूनच आत यायचे. भिंत ओलांडायची नाही. आणि दाराच्या जागी वीट आडवी ठेवली असली तर दार बंद आहे, तेव्हा विटेवर टकटक करून विचारायचे.

पहिले दोन दिवस लोक हसले. मग काय झाले ते सांगता येत नाही, पण हसणे थांबले. माणसे दारात चपला पुसू लागली. समोरचा इस्त्रीवाला, एरवी कुणाच्याही घरात डोकावणारा, तो भिंतीबाहेर उभा राहून हाक मारू लागला. पोरांच्या खोलीत दंगा वाढला की गप्पांच्या खोलीतून कुणीतरी ओरडे, "अरे, दार लावून घ्या!" आणि पोरे वीट लावून घेत आणि खरेच आवाज कमी झाल्यासारखा वाटे. लहान खोलीत कुणी असले तर तिकडे कुणी बघत नसे. बघितले तर दिसलेच असते, चारी बाजूंनी उघडे आकाश होते. पण भिंतीतून कोण बघतो?

मी रोज संध्याकाळी बाहेरच्या दाराला वीट लावी, विटेवर माझे जुने पितळी कुलूप ठेवी आणि किल्ली घरी नेई. लोक चेष्टा करत. दोरीभाऊ म्हणे, "काका, चोर काय नेणार? रेघ?" मी म्हणे, "न्यायचं म्हटलं तर काहीही नेतात." माझा स्वभाव तसा आहे. घरी गॅस बंद आहे का हे मी उठून उठून पाहतो. हिला जरा उशीर झाला तर जिन्यात जाऊन उभा राहतो. ही बाहेर निघाली की कुठे, कुणाकडे, कुठल्या रस्त्याने, एवढे विचारतो. त्यात माझा वाईट हेतू नसतो.

त्या लहान खोलीत माझी पत्नी जाऊन बसू लागली. घरचे लाकडी स्टूल नेले, विणकाम नेले. एक दिवस बाईंना म्हणाली, "इथे एक फळी हवी होती." दोरीभाऊने लगेच भिंतीला लागून फळी आखून दिली.

बाईंनी विचारले, "काय ठेवणार फळीवर?"

ही म्हणाली, "अजून ठरलं नाही."

मग ती त्या फळीकडे बघत बसे. मी व्हरांड्यातून विचारले होते, "काय बघतेस?" तर म्हणाली, "रिकामी आहे. छान दिसते."

पुढे एका शनिवारच्या बैठकीत ती उठून उभी राहिली. मी तिला चार माणसांत बोलताना फारसे पाहिलेले नाही. म्हणाली, "मागच्या खोलीला उताराकडे एक दार असलं तर बरं होईल. तिकडून ऊन येतं. आणि खालचा रस्ता दिसतो, बसगाड्या दिसतात." ऑफिसची पद्धत अशी की, कुणी काही मागितले की ते आखायचे आणि काही दिवस वापरून बघायचे. त्याप्रमाणे तिकडची रेघ पुसून दार ठेवले. ती त्या दारातून बाहेर जाई, उताराच्या तोंडाशी उभी राही आणि परत येई. तेवढेच.

मला ते पाहवत नसे. पुढच्या बैठकीत मी हरकत घेतली. म्हटले, "दोन दारं म्हणजे दोन कुलपं. मागच्या दारावर लक्ष कोण ठेवणार? उद्या कुणी आत शिरलं म्हणजे?"

इस्त्रीवाला म्हणाला, "दारं-कुलपांतला जाणकार माणूस सांगतोय बाबा, ऐका." सगळे हसले आणि दार नको असे ठरले.

बाईंनी तरी हिला विचारले, "मावशी, दार तुम्ही मागितलं होतं. तुमचं काय म्हणणं?"

ही म्हणाली, "राहू द्या. ह्यांना झोप लागायची नाही."

दोरीभाऊने फक्कीची मूठ सोडून ती जागा भरून टाकली. तिथली रेघ बाकी भिंतीपेक्षा जास्त पांढरी होती, लांबूनही कळे.

परवाची हकीकत अशी. जेवण झाल्यावर ही लहान खोलीत जाऊन बसली. ऊन छान होते, वारा पडलेला होता, पोरे शाळेत होती. सगळे घर झोपल्यासारखे दिसत होते. मला डोळ्यांत घालायचे थेंब आणायला औषधाच्या दुकानात जायचे होते. तिला एकटीला टाकून जायचे म्हणजे माझ्या जिवाला घोर. म्हणून मी तिच्या दाराला वीट लावली आणि विटेवर कुलूप ठेवले.

अंमलदार बाईंनी विचारले, "त्या आत असताना?"

मी म्हटले, "कुणी त्रास देऊ नये म्हणून."

"त्यांनी पाहिलं का कुलूप लावताना?"

"पाहिलं."

"काही बोलल्या?"

"म्हणाली, किल्ली घेतलीत का? मी म्हटलं, घेतली. म्हणाली, बरं."

एवढेच बोलणे झाले. तिचा आवाज नेहमीसारखा होता. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिला आहे.

दुकानात गर्दी होती, मला वेळ लागला. परत आलो तर वीट होती तशी होती आणि तिच्यावर कुलूप होते तसे होते. माझा जीव भांड्यात पडला. मी व्हरांड्यात माझ्या खुर्चीवर, तिच्या भिंतीकडे पाठ करून बसलो. मग तिच्याशी बोलत बसलो. थेंब मिळाले, पण बाटली आधीपेक्षा लहान आली आहे, असे सांगितले. घरचा नळ पुन्हा गळतो आहे ते सांगितले. हवा बदलली की माझा गुडघा दुखतो, तेही. मधेमधे ती हं म्हणाली असे मला वाटले. आजही वाटते. ऊन सरकत सरकत पोरांच्या खोलीत गेले, तिथून ओट्यावर गेले. इतक्या वर्षांत मी तिच्याशी एवढा वेळ बोललो नव्हतो. मला फार बरे वाटत होते, हे लिहिणे योग्य की नाही ते कळत नाही, पण विचारले म्हणून लिहितो.

इस्त्रीवाल्याचा जबाब वेगळा घेतला जाईल. तो मला जे म्हणाला ते असे की, "काका, मावशी स्टुलावरून उठल्या तेवढं दिसलं, आणि मी मान खाली घातली. आतलं बघू नये ना. नंतर तुम्ही बोलत होतात, म्हटलं, आहेत आत." म्हणजे त्याला माझ्यामुळे ती आत आहे असे वाटले आणि मला कुलपामुळे. समोर चहाचे दुकान आहे, वर चार खिडक्या आहेत, सगळ्यांचे हेच. भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिला जाताना कुणी पाहिले नाही, कारण ती घरात होती.

दिवस कलता कलता दोरीभाऊ फक्कीचा डबा घेऊन रेघा गडद करायला आला. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, कुणाशी बोलताय?"

मी म्हटले, "तुझ्या मावशीशी."

"काका, आत कुणी नाही."

"कुलूप आहे."

"काका," तो खाली बसला, "भिंत नाही."

मला त्याचा राग आला. मी म्हटले, "स्वतः काढलीस आणि भिंत नाही म्हणतोस?" मग मी उठलो, खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडले, वीट बाजूला केली आणि दारातून आत गेलो. स्टूल होते. ती नव्हती. संध्याकाळच्या अंधुक उजेडात मला बाकी काही दिसले नाही, आणि पुढे आज सकाळपर्यंत त्या खोलीत मी कुणाला जाऊ दिले नाही.

त्या संध्याकाळी आणि काल दिवसभर मी व्हरांड्यातच बसून होतो. हेच उशिराचे कारण. दार उघडे ठेवले होते, वीटही लांब नेऊन ठेवली. मला वाटले, ज्या घरातून माणूस जाते त्याच घरात परत येते. शेजारी म्हणत होते, ठाण्यात जा. मी म्हणत होतो, मी गेलो आणि ती आली तर? आर्किटेक्टबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. वस्तीतल्या लोकांनी आळीपाळीने शोध घेतला, बसथांब्यावर विचारले, दवाखान्यात पाहिले. ऑफिस बंद ठेवून दोरीभाऊ उताराच्या खाली पार शेवटपर्यंत जाऊन आला.

मुलगी परगावी असते. तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, माझ्या मावशीकडे विचारलं, आई तिच्याकडे गेलेली नाही. तुम्ही त्या ऑफिसवर तक्रार द्या आधी. रेघोट्या मारतात आणि म्हाताऱ्या माणसांना त्यात बसवतात, हा काय प्रकार?" मी म्हटले, बघतो. मग म्हणाली, "आईने मागे मला विचारलं होतं, एकट्या माणसाला बसमध्ये पुढची जागा मिळते का." मी म्हटले, "तिला कशाला हवी पुढची जागा? तिला कुठे जायचं होतं?" मुलीने फोन ठेवला. मी तो तसाच कानाला धरून बसलो.

ऑफिसविरुद्ध माझी तक्रार नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. त्यांनी माणसांना विचारून घर काढले. विचारणारे तेवढेच होते.

आज सकाळी अंमलदार बाई माझ्याबरोबर जागा पाहायला आल्या. त्या सरळ गप्पांच्या खोलीच्या भिंतीतून आत चालू लागल्या, तर चहाच्या दुकानातून, खिडक्यांतून एकदम सगळे ओरडले, "अहो बाई, भिंत!" त्या दचकून मागे झाल्या, वळसा घालून दारातून आल्या आणि लहान खोलीच्या दारात थांबून म्हणाल्या, "येऊ का?" मी म्हटले, "या." त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

खोलीत आढळले ते असे. एक, लाकडी स्टूल, उताराकडे तोंड करून. दोन, मागच्या भिंतीत, ज्या जागी दार भरून टाकले होते बरोबर त्याच जागी, रेघ पुसलेली होती. पायाने घाईत उडवलेली नव्हती. फक्की दोन्ही बाजूंना नीट सारून, कडा सरळ ठेवून, एका माणसाला जाता येईल एवढी वाट केली होती. तिने भिंत ओलांडली नाही. दार केले आणि दारातून गेली. ती तशीच आहे, नियम मोडायची नाही.

तीन, तिथून पुढे पांढरी पावले. चपलेच्या तळाला फक्की लागलेली होती, ती उतरत उतरत गेली आहे. पहिली पावले ठसठशीत, मग नुसत्या टाचा, मग धूळ की चुना हे कळत नाही अशी. अंमलदार बाई वाकून पाहत होत्या. म्हणाल्या, "पळाल्या नाहीत. सावकाश गेल्यात." मी पाहिले. दोन पावलांतले अंतर सारखे होते. माझ्याबरोबर चालताना ती अर्धी पावले टाकते, मागे राहते. ही पावले पुरती होती. ही तिची चाल आहे हे मला पावलांवरून ओळखता आले नाही, चपलेवरून ओळखले.

चार, आखलेल्या फळीच्या मधोमध आमच्या घराची किल्ली. ही तिच्याकडची. मीच घासून केलेली आहे, दात माझ्या हातचे आहेत. ती तिथे विसरली असावी, असे मी अंमलदार बाईंना सांगितले. त्यांनी ते लिहा म्हणून सांगितले नाही आणि लिहू नका असेही म्हटले नाही. वर लिहिलेच आहे की ती विसराळू नाही.

किल्ली त्यांनी पाकिटात घालून घेतली. फळी पुन्हा रिकामी झाली.

त्यानंतर मी ऑफिसात गेलो. बाई नकाशावर वाकल्या होत्या. मी म्हटले, "ते मागचं दार पुन्हा आखता येईल का? बैठकीत मी बोलेन सगळ्यांशी." त्यांनी नकाशा माझ्याकडे फिरवला. मागच्या खोलीला उताराकडे दार होते, बारीक पेन्सिलीत.

म्हणाल्या, "मी पुसलंच नव्हतं, काका. शाई तेवढी भरायची होती."

दोरीभाऊने जाऊन तिने केलेल्या वाटेच्या दोन्ही कडा गडद केल्या. त्याला मी एक इंचही इकडेतिकडे करू दिले नाही. तिने ठेवली तेवढीच रुंदी ठेवली आहे. विटेचे काय करायचे, असे त्याने विचारले. मी म्हटले, "या दाराला वीट नको."

माझी पोलिसांकडे विनंती अशी. ती सापडल्यास तिला घाई करू नये, हाताला धरू नये, ती काय सांगते ते आधी ऐकून घ्यावे. उताराकडचे दार ठेवले आहे, पक्क्या नकाशात आहे आणि त्याला मी कुलूप लावणार नाही, एवढे तिला सांगावे. ती कुठे आहे हे मला सांगू नका असे ती म्हणाली, तर सांगू नका. यायचे की नाही ते तिला ठरवू द्यावे. पण ती बरी आहे आणि पायाला चुना लागून तिच्या टाचा भेगाळल्या नाहीत, इतके तरी मला कळवा. लवकर कळवा. मी व्हरांड्यातच बसलेला असेन, तिथे न सापडलो तर घरच्या दारावर टकटक करा.

हा जबाब मी माझ्या हाताने लिहिला आणि अंमलदार बाईंसमोर सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. "किल्ली घेतलीत का" या ओळीशी मला थांबावे लागले, तिथून पुढचा भाग त्यांनी वाचला. मी ऐकला. जे घडले तेच त्यात आहे, काही घातलेले नाही, आणि जे राहिले असेल ते मला माहीत नाही म्हणून राहिले आहे. खाली माझी सही.